उचलता येईल तेवढंच

मंगळवारी दुपारी त्रिवेणीबाई झोपून उठल्या तेव्हा त्यांच्या खोलीत एक निळी सुटकेस उघडी पडली होती. खाली चाकं, वर ओढायचा दांडा आणि पोट एवढं मोठं की आत एखादं लहान मूल मावावं. त्यांची सून रंजना पलंगावर मांडी घालून बसली होती. एकेक वस्तू आत रचत होती आणि शेजारच्या कागदावर खुणा करत होती.

"काय भरायलीस गं?"

"तुमचंच सामान, आई. शनिवारी निघायचंय ना. आयत्या वेळी गडबड नको."

त्रिवेणीबाईंनी चष्मा लावून आत पाहिलं. गरम पाण्याची रबरी पिशवी. गुडघ्यांचे पट्टे. ग्लुकोजचे तीन डबे. गेल्या पाच वर्षांच्या तपासण्यांची जाडजूड फाइल. दोन फिक्या साड्या, धुवायला बऱ्या म्हणून. आणि सगळ्यांत खाली, चार घड्या केलेली एक रबरी चादर.

"ही कशाला?"

रंजना जराशी ओशाळली. "लागली तर असावी. परक्याचं घर, परक्याचं अंथरूण..."

भिंतीशी कमोडची घडीची खुर्चीही दोरीने बांधून ठेवलेली होती. सुटकेसच्या वरच्या कप्प्यात एक कार्ड होतं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, गळ्यात घालायची फीत लावलेलं. त्यावर इंग्रजीत आणि हिंदीत त्यांचं नाव, चिक्कडपल्लीचा पत्ता, मधुमेह असल्याची नोंद आणि खाली ठळक अक्षरांत: सापडल्यास पुढील नंबरवर कळवावे.

"सापडल्यास?" त्रिवेणीबाई म्हणाल्या. "मी काय छत्री आहे?"

"अहो आई, ते आपलं काळजीपोटी..."

"हौ, कळलं मला." त्यांनी कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.

त्रिवेणीबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांच्या आजोबांची शेती परभणीकडे. वडील निजामाच्या काळात शिकायला म्हणून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्रिवेणीबाईंनी कोठी भागातल्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये सदतीस वर्षं नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड आणि हातात लाइनी जोडायच्या दोऱ्या. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगी झाली, कुणाच्या मिरच्यांचा भाव पडला, सगळ्या शहराचं सुखदुःख त्यांनी दुसऱ्या गावाला जोडून दिलं. नागपूरच्या बोर्डावर बहुतेक वेळा कुसुमताई असायच्या. दोघी एकमेकींना नावाने नव्हे, गावाने हाक मारत. "काय म्हणतेस, नागपूर?" "बोल, हैदराबाद." लाइन मोकळी असली की गप्पा. त्रिवेणीबाईंचं बाळंतपण, सासू, बदल्या, त्यांचे पती एकनाथराव यांचं आजारपण आणि मरण, सगळं त्या तारेवरूनच गेलं. एवढ्या वर्षांत भेट मात्र एकदाही नाही. एकदा त्रिवेणीबाई दिल्लीला निघाल्या असताना कुसुमताई नागपूर स्टेशनवर डबा घेऊन आल्या होत्या. गाडी सात तास उशिरा पोचली आणि तोवर त्यांची ड्यूटी सुरू झाली होती.

पुढे गल्लोगल्ली एसटीडीची पिवळी दुकानं निघाली. बोर्डावरचे दिवे कमी होत गेले. दोघी रिटायर झाल्या. कुसुमताईंनी लग्न केलं नव्हतं, त्या छिंदवाड्याला भाच्याकडे राहायला गेल्या. फोन चालूच राहिले. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र ते थांबले आणि नोव्हेंबरात पत्र आलं. घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढून टाकलं होतं. कुसुमताईंनी लिहिलं होतं, "आवाज गेला. बाकी सगळी आहे. येशील का?"

त्या दोन शब्दांसाठी त्रिवेणीबाईंनी मुलाला तिकीट काढायला लावलं होतं.

विकास त्यांचा एकुलता एक मुलगा. माधापूरला नव्याने झालेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत कॉम्प्युटरचं काम करायचा, कमरेला मोबाइल लावायचा आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचायचा. मंगळवारी जेवताना त्रिवेणीबाईंनी त्याला सरळ सांगितलं, "ती निळी बॅग मी नेणार नाही."

"का? चाकं आहेत तिला. हमाल मिळतो."

"मला न्यायची नाही म्हणून."

विकासने ताटातला हात थांबवला. "आई, नांदेडला काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला जाताना त्रिवेणीबाईंनी घरादाराचं सामान बांधलं होतं. आहेराच्या साड्या, विकासचे मोजे, रंजनाच्या बांगड्या, नात तन्वीचा घागरा आणि त्याची नाडीसुद्धा. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या तेवढ्या हैदराबादला फ्रीजवर राहिल्या. हळदीच्या दिवशी त्या मांडवातच कोसळल्या. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई मागे लागली. ती रंजना टोचायची. त्रिवेणीबाई तेवढा वेळ तोंड भिंतीकडे करून बसायच्या.

"आठवतंय," त्या म्हणाल्या.

"मग तिथे सुई कोण देणार? तुला तर सुईकडे बघवत नाही."

त्रिवेणीबाईंनी त्याच्या वाटीत आमटी वाढली.

"आणि त्या मावशींना बोलता येत नाही. तू तिथे जाऊन करणार काय? पत्र लिही. जानेवारीत मला सुट्टी मिळेल, तेव्हा मीच घेऊन जातो. उद्या तिकीट परत करतो."

"जानेवारीत," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "कुठल्या?"

विकास रागावून उठला. बुधवारी त्याने तिकीट खरंच परत केलं.

मंगळवारच्या त्या रात्री त्रिवेणीबाई रडल्या नाहीत. पडल्या पडल्या त्यांनी स्वतःशी कबूल केलं की मुलगा सुईबद्दल म्हणाला ते खरं आहे. बाकीचं खोटं असलं तरी तेवढं खरं आहे, आणि जोवर ते खरं आहे तोवर आपली बॅग दुसरंच कुणीतरी भरणार.

बुधवारी सकाळी अकराला त्या एकट्याच रिक्षाने कोठीला गेल्या. नेहमीचे डॉक्टर नंबर आल्यावर म्हणाले, "आज एकट्याच? विकास नाही आला?"

"नाही. मला सुई घ्यायला शिकायचंय. आणि मला सांगा, मी आठ दिवस परगावी जाऊ शकते का? खरं सांगा. घरी सांगता तसं नको."

डॉक्टर हसले. त्यांनी रक्तदाब पाहिला, वही पाहिली. "जाऊ शकता. पण वेळेवर जेवायचं. सुई घेतली की जेवण टाळायचं नाही. साखर कायम हाताशी ठेवायची, बॅगेत नाही, हाताशी. बाकी तुम्ही काही काचेच्या नाही आहात."

सुई शिकवायला त्यांनी आतल्या सिस्टरकडे पाठवलं. सिस्टर मल्याळी होत्या, घाईच्या आणि फटकळ. त्यांनी एक मोसंबी आणि पाण्याने भरलेली सिरिंज त्रिवेणीबाईंच्या हातात दिली. "टोचो, अम्मा." त्रिवेणीबाईंनी डोळे मिटले. "आँख बंद करके नहीं! मोसंबी को क्या दिखता है?" पंधरा-वीस वेळा टोचल्यावर मोसंबी गळायला लागली. मग सिस्टर म्हणाल्या, "अब अपना पेट."

त्या दिवशी ते जमलं नाही. सुई कातडीपर्यंत गेली आणि हात अडला. त्रिवेणीबाई घामाघूम झाल्या. वाटेत त्यांनी चार मोसंब्या विकत घेतल्या आणि घरी येऊन खोलीचं दार लावलं.

गुरुवारी सकाळी रंजना सुई घेऊन आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"आई, नको हो. काही भलतंच व्हायचं."

"दे म्हटलं ना."

पहिल्यांदा हात अडला. दुसऱ्यांदाही. दारात शाळेचं दप्तर लावून उभी असलेली चौदा वर्षांची तन्वी श्वास रोखून बघत होती. तिसऱ्या वेळी त्रिवेणीबाईंनी पोटाची चिमूट धरली, सुईकडे नीट बघितलं आणि टोचली. दट्ट्या खाली गेला. सुई बाहेर आली. झालं एवढंच.

"आजी, तू ना पक्की मोंडी आहेस," तन्वी म्हणाली. मोंडी म्हणजे हट्टी, तेलुगूत. तिच्या तोंडी ते कौतुक होतं आणि त्रिवेणीबाईंनी ते तसंच घेतलं.

त्याच दिवशी त्या नामपल्लीच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. शनिवारचं मिळालं नाही, रविवारचं मिळालं, सकाळच्या दिल्लीच्या गाडीचं, नागपूरपर्यंत. तिथून त्या तारघरात गेल्या आणि छिंदवाड्याला तार केली.

शुक्रवारी त्यांनी अफझलगंजला जाऊन एक कॅनव्हासची बॅग घेतली. खाकी, दोन बंदांची, शाळामास्तरांसारखी. दुकानदाराने विचारलं, "अम्मा, पोते के वास्ते?" "नक्को," त्या म्हणाल्या, "मेरे वास्ते." त्याने मोठी दाखवली. त्यांनी त्याहून लहान मागितली.

सामान भरायला त्यांनी नेम ठरवला तो असा: बॅग भरायची, तळमजल्यापर्यंत न्यायची आणि न थांबता परत तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणायची. धाप लागली तर एक वस्तू काढायची. पहिल्या फेरीनंतर फाइल गेली. तिच्यातला एकच कागद, औषधांचा, राहिला. दुसऱ्या फेरीनंतर गुडघ्यांचे पट्टे आणि जाड घोंगडी गेली. तिसऱ्या वेळी त्या वर आल्या आणि उंबरठ्यात उभ्या राहून सहज बोलू शकल्या. तेव्हा बॅगेत होतं ते इतकं: बर्फ घातलेल्या लहान थर्मासमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या, सिरिंज, गोळ्या. शाल आणि स्वेटर. तीन साड्या, त्यांतली एक डाळिंबी रंगाची, जी एकनाथराव गेल्यापासून कपाटातून बाहेर निघाली नव्हती. टॉवेल, साबण. आणि पत्त्यांचे दोन जोड, कारण पत्ते खेळायला आवाज लागत नाही. साखरेची पुडी त्यांनी कनवटीला लावली.

टॉवेल ठेवताना त्यांना हसू आलं. एकवीस वर्षांच्या असताना त्या ट्रेनिंगला मद्रासला गेल्या होत्या, तीन महिन्यांसाठी, एकट्या. पाव तासात पेटी भरली होती. चार साड्या, आरसा आणि बॅडमिंटनची रॅकेट, कारण हॉस्टेलला मैदान आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. टॉवेल विसरल्या होत्या, साबण विसरल्या होत्या, अंथरूणसुद्धा विसरल्या होत्या. काही बिघडलं नव्हतं. लग्नानंतरचे प्रवास वेगळे. एकनाथराव प्रत्येक स्टेशनवर नग मोजायचे, अकरा नग, त्यात स्टोव्ह आणि रॉकेलची बाटलीही. त्या अकरा नगांत त्रिवेणीबाईंच्या स्वतःच्या हौसेची एकही वस्तू कधी नसायची, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी विकास घरी होता. चोरून जाणं त्रिवेणीबाईंना कमीपणाचं वाटलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि तिकीट टेबलावर ठेवलं.

"उद्या सकाळी निघते. पुढच्या रविवारी परत."

विकासने तिकीट उलटसुलट पाहिलं. "तू हे कधी... आई, मी नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. ऐकलं मी."

"म्हणजे माझ्या बोलण्याला काही किंमतच नाही? तुला काही झालं तर लोक मला विचारतील."

"तर सांग त्यांना, म्हातारी ऐकत नाही. खरंच सांगशील."

"हा विनोद नाहीये!" विकासचा आवाज चढला. "मला भीती वाटते. नांदेडला तुला उचलून मी नेलंय. तू बेशुद्ध होतीस, तुला काय माहीत."

हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं.

"तुला भीती वाटते ते खरं," त्या हळू म्हणाल्या. "मलाही वाटते. पण तुझी भीती मी बॅगेत घालून का हिंडू, विकास? ती रबरी चादर, ते गळ्यातलं कार्ड... ती बॅग उघडली की मला वाटतं माझं काहीतरी वाईट व्हायचं आधीच ठरलंय आणि मी फक्त तिथे पोचायचंय. मी मैत्रिणीकडे चाललेय. मला ती भेटायच्या आधी दवाखाना भेटायला नको."

"मग निदान ती कमोडची खुर्ची तरी..."

"नाही."

"सुई?"

"तीन दिवस झाले, मीच घेते. बायकोला विचार."

विकासने रंजनाकडे पाहिलं. रंजना म्हणाली, "घेतात त्या." एवढंच. विकास आत निघून गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

रविवारी पहाटे तो उठला नाही, किंवा जागा असून बाहेर आला नाही. त्रिवेणीबाईंनी दिव्याखाली बसून सुई घेतली, दोन पोळ्या खाल्ल्या. रंजना समोर उभी राहून बघत होती. "जागा रोज बदला हं, आई," ती म्हणाली. "तिथेच तिथेच टोचलं तर गाठ होते." मग तिने जेवणाचा डबा दिला आणि रिक्षा आणायला खाली गेली. बॅग उचलायला तिने हात पुढे केला नाही. त्रिवेणीबाईंना ते फार आवडलं.

गाडी वेळेवर सुटली. समोरच्या बाकावरचं वरंगलला जाणारं कुणीतरी जंक्शनवर उतरलं आणि एक गुजराती बाई येऊन बसली, नागपूरचीच. पत्ते निघाले. रमी रंगली. बल्लारशाच्या अलीकडे गाडी माळावर उभी राहिली, ती हलेना, आणि डाव असा पडत होता की उठवेना. डबा पिशवीतच राहिला. एकदम त्रिवेणीबाईंच्या कपाळावर घाम आला. हातातली पानं ओळखू येईनात. राजा की गुलाम कळेना. नांदेडच्या मांडवातही असंच झालं होतं, पायांखालून जमीन मऊ होत गेली होती.

त्या घाबरल्या. मनातल्या मनात त्यांनी विकासला हाकही मारली. पण बोटांनी कनवटीची पुडी शोधली. साखर तोंडात टाकून त्या समोरच्या बाईंना म्हणाल्या, "मला डायबेटिस आहे. जेवण चुकलं, माझीच चूक. पंधरा-वीस मिनिटांत मी नीट बोलायला लागले नाही तर टीसीला बोलवा." बाईंनी पानं खाली ठेवली, पाणी दिलं, डबा उघडून दिला. वीस मिनिटांनी त्रिवेणीबाईंना गुलाम ओळखू आला. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पुढच्या प्रवासात घड्याळाच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. हा प्रसंग त्यांनी घरी सांगितला, पण फार नंतर.

नागपूरला मुक्काम बायकांच्या वेटिंग रूममध्ये झाला. दुसऱ्या दिवशी छोट्या लायनीची, अरुंद रुळांची गाडी मिळाली. ती इतकी हळू चालली होती की बाजूच्या रस्त्यावरून सायकलवाले पुढे जात होते. दुपार कलता कलता छिंदवाडा आलं. थंडी होती. त्रिवेणीबाई बॅग घेऊन उतरल्या आणि उभ्या राहिल्या. चेहरा माहीत नव्हता. आवाजावरून त्यांनी कायम एक उंच, भरदार बाई डोळ्यांपुढे धरली होती. तशी कुणीच दिसेना.

मग खांबाजवळ एक लहानखुरी, वाळकी बाई दिसली. गळ्याभोवती पांढरं फडकं गुंडाळलेलं, आणि छातीशी शाळेतल्या पोराची पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हैदराबाद.

त्रिवेणीबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघालं, "बोल, नागपूर."

आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून त्यांनी तोंडावर हात घेतला. कुसुमताईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, आवाज नसलेलं, अंगभर हसू. मग दोघींनी तिथेच एकमेकींना धरलं. कुसुमताईंच्या गळ्यातून वारा जातायेतानाची सूं सूं त्रिवेणीबाईंच्या कानाशी आली. त्यांनी कान हलवला नाही.

कुसुमताईंच्या भाच्याचं घर चांगलं होतं. माणसं वाईट नव्हती. पण घरात सगळे कुसुमताईंशी ओरडून बोलत, जणू आवाजाबरोबर कानही गेलेत. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगत, ऑपरेशनमध्ये श्वासासाठी गळ्यात पाडलेलं भोक बघून लोक दचकतात म्हणून. दुसऱ्या दिवशी रमी खेळताना कुसुमताईंनी पाटीवर लिहिलं, "सात महिने. स्टेशनवर आले तेवढंच. तेही भांडून."

"कशी भांडलीस?"

"पाटी फोडली. ही नवी."

त्रिवेणीबाई हसल्या आणि मग हसेनाशा झाल्या. त्या म्हणाल्या, "तू मला पचमढीचं सांगायचीस. रिटायर झालो की जाऊ म्हणायचीस. इथून किती लांब आहे?"

कुसुमताईंनी पानं खाली ठेवली. पाच बोटं दाखवली. बसने पाच तास.

भाचा हादरला. "मौशी, तिथे थंडी किती! धूळ! कुणी सोबत नाही. श्वासाची नळी अडकली तर? मी मार्चमध्ये नेतो ना." त्याने हे सगळं ओरडूनच सांगितलं. कुसुमताई ऐकत होत्या. मग त्यांनी पलंगाखालून एक कापडी पिशवी ओढली आणि भरायला घेतली. गळ्याला बांधायची स्वच्छ फडकी, नळी साफ करायचा ब्रश, हातआरसा, स्वेटर, पाटी, पेन्सिलींचा डबा. दहा मिनिटांत पिशवी तयार. त्यांनी ती एका हाताने उचलून भाच्याला दाखवली, आणि दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं, "हळू बोल. ऐकू येतं मला."

बुधवारी सकाळच्या बसने दोघी निघाल्या. त्रिवेणीबाईंनी डाळिंबी साडी नेसली होती. तिकीट फाडताना कंडक्टरने विचारलं, "अम्माजी, साथ में कौन है?"

"हम दोनों," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

पचमढीला त्या चार दिवस राहिल्या. लॉजच्या मॅनेजरने जीप करा म्हणून सांगितलं, पायऱ्या तुम्हाला झेपणार नाहीत म्हणाला. काही ठिकाणी त्याचं खरं होतं, तिथे त्या वरच बसून राहिल्या. जिथे झेपलं तिथे उतरल्या. एकदा उतारावर कुसुमताईंना ठसका लागला. त्रिवेणीबाईंनी आरसा धरला आणि कुसुमताईंनी स्वतःची नळी स्वतः साफ केली. चहाच्या टपरीवरचं एक पोरगं टक लावून बघत होतं. कुसुमताईंनी त्याला आरसा दाखवला आणि डोळा मारला.

शुक्रवारी त्रिवेणीबाईंनी बाजारातल्या बूथवरून घरी फोन लावला. विकासने उचलला.

"आई! कुठे आहेस? छिंदवाड्याला फोन केला तर ते म्हणाले तू पचमढीला! डोंगरात! तुला कळतंय का?"

"कळतंय. सुई चालू आहे, जेवण वेळेवर आहे. रविवारी येत नाही मी, बुधवारी येते."

"ठरलं होतं रविवारी."

"ठरवलं मीच होतं ना? मीच बदललं."

मग विकास म्हणाला, "थंडी किती आहे तिथे?"

"भरपूर आहे. स्वेटर आहे माझ्याकडे. ठेवते."

कुसुमताई काचेबाहेर उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाला? त्रिवेणीबाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, चढलेल्या आवाजासकट. कुसुमताईंनी पाटीवर लिहिलं, "एप्रिलमध्ये मी हैदराबादला येते. भाच्याला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे त्याला घाबरायला वेळ मिळेल."

ठरल्या बुधवारी रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला गाडी सिकंदराबादला आली. विकास स्टेशनवर आला होता. दहा दिवसांत तो वाळल्यासारखा वाटला, किंवा त्रिवेणीबाईंनी बऱ्याच दिवसांत त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. तो रागावलेला होताच. पुढे महिनाभर तसाच राहिला, विचारलं तेवढंच बोलायचा. पण त्या क्षणी त्याने आईला आपादमस्तक निरखलं, उन्हाने रापलेला चेहरा, डाळिंबी साडी, पायांतले धुळीचे बूट, जे तिने पचमढीच्या बाजारात घेतले होते.

"ठीक आहेस?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. भूक लागलीय. घरी जाऊन सुई घेतली की जेवायचंय, चल लवकर."

स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी मीही येईन."

"बघू," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "कुसुमला विचारते." आणि बॅग या हातातून त्या हातात घेऊन त्या त्याच्या पुढे पायऱ्या चढू लागल्या.